ऊस हंगामाआधी मंडळातल्या पोरांना प्रथमोपचार शिकवायचेत, सुरुवात कुठून करावी?

कडेगाव_मंडळ

आमचं गाव कडेगाव तालुक्यात, कराड–विटा रस्त्याला लागून. गाळप सुरू झालं की संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ऊसवाहतूक चालते. डबल ट्रॉल्या, टायरगाड्या, मधूनच ट्रक. थांबलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळणं, वळणावर ट्रॉली कलंडणं, तोडीच्या मजुरांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर उलटणं, असले अपघात या पट्ट्याला नवे नाहीत. १०८ यायला वेळ लागतोच. तोवर जमलेले लोक एकतर लांबून बघतात, नाहीतर जखमीला हातापायाला धरून दिसेल त्या जीपमध्ये घालतात.

मंडळाने १२ जणांचं पथक करायचं ठरवलंय. हातात दोन रविवार आहेत. डॉक्टर एक दिवस येतील, पण त्यांना नेमकं काय शिकवा म्हणायचं तेच ठरत नाही. पहिल्या दहा मिनिटांत कोणी काय करायचं, पिशवीत काय आणि किती ठेवायचं, आणि लोक हमखास कुठे चुकतात, एवढं अनुभवी मंडळींनी सांगावं.

अपघातविभाग_सिस्टर

शिकवताना पहिला तास रस्त्याला द्या, जखमेचं नंतर. रात्रीच्या अपघातात मागून येणारी दुसरी गाडी बघ्यांत घुसते आणि मदतीला गेलेलेच स्ट्रेचरवर येतात. म्हणून १२ पैकी दोघे कुणाही जखमीला हात लावणार नाहीत, असं आधीच ठरवून टाका. ते बॅटरी आणि लाल त्रिकोण घेऊन दोन्ही अंगांना जातील. सरळ रस्त्यावर त्रिकोण किमान ५० मीटर अलीकडे, म्हणजे साधारण ६५–७० पावलं. गाड्या सुसाट असतील तर १०० मीटर. वळण असेल तर पावलं मोजू नका, त्रिकोण वळणाच्या आधी ठेवा, कारण वळल्यावर दिसून उपयोग नाही. त्रिकोणवाल्याने उभं राहायचं ते साइडपट्टीवर, डांबरावर नाही. रस्त्यावर ऊस सांडला असेल तर आणखी एकाने तो बाजूला ओढावा. दुचाकीचं चाक कांडक्यावरून हमखास घसरतं.

काडी, विडी, सिगारेट बंद. विजेचा खांब पडला असेल आणि तार जमिनीला टेकली असेल तर १० मीटरच्या आत कोणी जाऊ नये, आणि महावितरणला १९१२ वर फोन. 'कोरड्या काठीने तार बाजूला करा' हे घरातल्या वायरपुरतं ठीक आहे. ११ केव्हीच्या तारेपुढे काठीचा काही उपयोग नाही. तार गाडीवर पडली असेल आणि गाडीला आग नसेल, तर आतल्यांना आतच बसायला सांगा.

आता जखमी. त्याच्याकडे पायाच्या बाजूने जा, म्हणजे तुमच्याकडे बघायला तो मान वळवणार नाही. एकाने डोक्याशी गुडघे टेकून बसायचं, दोन्ही तळव्यांत डोकं धरायचं आणि 'दादा, मान हलवू नका' असं सांगत राहायचं. तो माणूस शेवटपर्यंत तिथून उठत नाही. एवढं एकच काम नीट झालं तरी पुष्कळांचे हातपाय वाचतात. मानेचा मणका सरकलेला असेल तर जीपमध्ये दुमडून घालताना मज्जारज्जूला कायमची इजा होते.

रक्ताची चिळकांडी दिसत असेल किंवा खाली थारोळं वाढत असेल तर आधी ते थांबवा. बाकी सगळं त्यानंतर. कपडा घडी करून जखमेवर ठेवायचा, तळव्याने पूर्ण वजन टाकून दाबायचं आणि १० मिनिटं उचलायचा नाही. चूक इथेच होते. दर मिनिटाला कपडा वर करून 'थांबलं का' बघतात आणि धरलेली गुठळी सुटते. कपडा भिजला तर त्याच्यावर दुसरा ठेवा, पहिला काढू नका. कपडा सुती हवा: धोतर, जुनं लुगडं, पंचा. टेरिकॉटचा शर्ट रक्त शोषत नाही, रक्त त्याच्या कडेने वाहत राहतं आणि थांबलंय असा भास होतो. कापूस थेट जखमेत नको, तंतू चिकटतात. हळद, चहापावडर, चुना, माती यांतलं काहीही नको. रक्त तर थांबत नाहीच, शिवाय टाके घालण्याआधी ते सगळं खरवडून काढावं लागतं. काच, सळई किंवा उसाचं टोक आत घुसलेलं असेल तर उपटू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना दाब द्या आणि हलणार नाही असं बांधा. जांघेत किंवा काखेत खोल जखम असेल तर वरून दाबून भागत नाही. गॉज किंवा स्वच्छ कपड्याची पट्टी बोटाने आत तळापर्यंत भरा, मग त्यावर दाब.

नंतर श्वास. हाक मारा, खांदा थोपटा. उत्तर नसेल तर १० सेकंद छातीकडे बघा आणि नाकाशी गाल नेऊन कान द्या. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडलीय. मान न वळवता, कानाखालच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी बोटं घालून जबडा पुढे ढकला, बहुतेक वेळा वाट मोकळी होते. मधूनच तोंड वासून आचका येणं हा श्वास नव्हे, हे पोरांकडून घोकून घ्या. त्या आचक्यामुळे 'जिवंत आहे, थांबा' म्हणून लोक हात बांधून बसतात.

श्वास नसेल तर छातीदाब. छातीच्या मधोमध, खालच्या अर्ध्या भागात तळव्याची टाच, कोपर ताठ, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, नाहीतर हृदयात रक्त भरतच नाही. तोंडाने श्वास देता येत असेल तर ३० दाब, २ श्वास. येत नसेल तर नुसते दाब. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. दमलेल्याला कळत नाही, पण त्याचा दाब उथळ होत जातो. सराव पुतळ्यावर करा, पुतळा नसेल तर घट्ट उशीवर. एकमेकांच्या छातीवर कधीही नाही.

पाणी पाजू नका. रक्त गेलेल्या माणसाला प्रचंड तहान लागते, नातेवाईक तांब्या घेऊन येतात, आणि उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाते. ओठ ओले करा, अंगावर चादर घाला. तोंड पांढरं, अंगाला गार घाम, नाडी भरभर आणि बारीक, जीव अस्वस्थ, असं दिसलं की बाहेर रक्त नसलं तरी आत जातंय असं धरून चाला. मांडीचं हाड मोडलं तर बाहेर थेंबही न दिसता लिटर-दीड लिटर रक्त मांडीतच साचू शकतं.

जुना_स्काउट

सिस्टरांनी मोडलेल्या हाडाचं फारसं लिहिलं नाही म्हणून भर घालतो. हात-पाय मोडला असेल तर सापडला तसाच बांधायचा, सरळ करायला जायचं नाही. हाड बाहेर आलं असेल तर आत ढकलायचं नाही, वर ओला स्वच्छ कपडा. आधार म्हणून खोक्याचा जाड पुठ्ठा सगळ्यात चांगला, नाहीतर वर्तमानपत्रांची जाड गुंडाळी. मोडल्याच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे आधारात आले पाहिजेत. नडगी मोडली तर गुडघाही आणि घोटाही. मांडीसाठी दोन्ही पायांमध्ये घोंगडं किंवा टॉवेलची घडी घालून चांगला पाय मोडक्या पायाला बांधा. गाठी चांगल्या पायाच्या बाजूला. बांधल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही, किंवा बोटांना मुंग्या येतात म्हणाला, तर पट्टी सैल करा. सूज येत जाते, त्यामुळे दर दहा मिनिटांनी हे पुन्हा बघायचं.

एक मात्र सांगतो, रक्त थांबवायला वर दोरी आवळायची हे पोरांना शिकवू नये. पाय काळा पडतो.

अपघातविभाग_सिस्टर

हाडाचं अगदी बरोबर. दोरीबद्दलची भीतीही समजते, कारण सुतळी, वायर, नाडा आवळलेले पाय दवाखान्यात येतात आणि अरुंद दोरी खरोखरच मांस कापते. पण पाय ट्रॉलीच्या चाकाखाली चिरडलाय आणि दाबून रक्त थांबत नाहीये, तेव्हा आवळपट्टी लावली नाही तर माणूस काही मिनिटांत जातो. म्हणून शिकवा, पण नीट शिकवा.

पट्टी किमान ४ सेंटिमीटर रुंद, त्रिकोणी पट्टीची घडी चालते. जखमेपासून ५ ते ७ सेंटिमीटर वर, गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. एक गाठ, त्यात बोटाएवढी जाड काठी, वर दुसरी गाठ, मग काठी पिळायची, रक्त पूर्ण थांबेपर्यंत. अर्धवट आवळली तर उलट जास्त रक्त जातं: परत येणाऱ्या शिरा दबतात आणि हृदयाकडून येणारी धमनी मात्र चालूच राहते. काठी सुटणार नाही अशी बांधा. लावल्याची वेळ चिकटपट्टीवर मार्करने मोठी लिहून कपाळाला किंवा शर्टाला चिकटवा. मध्ये सैल करून बघायचं नाही, सोडायची ती डॉक्टरांनी. फक्त हाताला आणि पायाला. खूप दुखतं, जखमी ओरडतो, तरी काढायची नाही.

हूक_आणि_पिन

ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या बाजूने लिहितो, कारण तिथे डॉक्टर सांगत नाहीत अशा गोष्टी असतात.

आधी इंजिन बंद. जुन्या ट्रॅक्टरमध्ये चावी फिरवून इंजिन थांबत नाही, डिझेल तोडायची स्टॉपची दांडी वेगळी असते, डॅशबोर्डच्या आसपास, ओढायची. गावात जेवढ्या मेकच्या गाड्या आहेत तेवढ्यांची दांडी पोरांना हात लावून दाखवा. अंधारात शोधायला लागलं की चाक फिरतच राहतं.

ट्रॉलीला हँडब्रेक धरून चालू नका. उभी असो की कलंडलेली, आत हात घालण्याआधी चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ओंडके. ट्रॉली उलटली आणि ट्रॅक्टर उभा राहिला तर मधल्या हूकवर पीळ बसलेला असतो. पिन उपटली की लोखंडी दांडा उसळतो, समोर उभा असेल त्याच्या नडगीवर नाहीतर तोंडावर. पिन काढू नका. उसाला बांधलेली वायररोपही कोयत्याने तोडू नका, वरचा ऊस एकदम खाली येतो. खाली माणूस असेल तर मोळ्या वरून एकेक, हातोहात बाजूला द्या. जेसीबी आला तरी त्याचा दात उसात घालू देऊ नका, आत माणूस कुठे आहे ते त्याला दिसत नाही.

उचलायची वेळ आलीच तर एका बाजूने, एकाच्या हुकुमावर. जॅक दोन बोटं वर गेला की खाली लाकूड सारा, पुन्हा दोन बोटं, पुन्हा लाकूड. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कोणी घुसायचं नाही, ओल्या साइडपट्टीत जॅकचा पाया रुततो. जॅकखाली जाड फळी हवीच.

माणूस किती वाजता अडकला ते कोणीतरी लिहून ठेवा. मांडी किंवा कंबर बराच वेळ दबून राहिली असेल तर भार अचानक काढल्यावर चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात मिसळून हृदय थांबू शकतं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. डॉक्टरांनी यावर सांगावं.

कडेगाव_मंडळ

सगळ्यांचे आभार, दांडीचं तर डोक्यातच नव्हतं. अजून एक विचारतो. मजुरांचा ट्रॅक्टर उलटला तर बायका-पोरांसकट पंधरा-वीस जण असतात. सगळे एकदम ओरडत असतात. तेव्हा पहिल्यांदा कोणाकडे जायचं? आणि फोनवर काय सांगायचं?

रुग्णवाहिका_डॉक्टर

आधी अडकलेल्याचं. साधारण १५ मिनिटांच्या आत सुरक्षितपणे भार काढता येत असेल तर काढा, थांबू नका. त्याहून जास्त वेळ गेला असेल तर १०८ वरच्या डॉक्टरला फोनवर वेळ सांगा आणि त्याच्या सल्ल्याने उचला. छाती किंवा गळा दबला असेल तर मात्र वेळेचा हिशेब नको, श्वास आधी.

आता पंधरा जखमी. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा. मोठ्याने हाळी द्या, 'ज्याला चालता येतंय त्यानं त्या लिंबाखाली जाऊन बसा.' निकडीप्रमाणे प्रत्येकाला एक रंग द्यायचा: जे उठून गेले ते हिरवे. त्यांच्याबरोबर पथकातला एक जण राहील, कारण त्यातला एखादा अर्ध्या तासाने गळाठतो. उरलेल्यांकडे प्रत्येकी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं नाही. श्वास नाही? जबडा पुढे करा. तरी नाही, तर पुढच्याकडे जा. हे फार जड जातं, पण १५ जणांत चौघेच हात असतील तर एकावर छातीदाब देत बसल्याने दुसरे दोघे रक्त जाऊन मरतात. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त, किंवा नख दाबल्यावर दोन सेकंदांत रंग परत येत नाही, किंवा 'माझा हात दाबा' म्हटल्यावर दाबत नाही, या तिन्हींतलं एकही असेल तर लाल, पहिल्या रुग्णवाहिकेत. बाकीचे पिवळे. रंगीत रिबिनी स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, मनगटाला बांधा. या फेरीत दोनच उपचार: तोंडातली वाट मोकळी करणं आणि वाहतं रक्त थांबवणं. लहान पोरांचे श्वास मुळातच भरभर असतात, त्यांना ३० चा नियम लावू नका.

आईपासून तान्हं पोर वेगळ्या गाडीत जात असेल तर त्याच्या हातावर आईचं नाव आणि गाव लिहा. हे मजूर बहुतेक बीड आणि त्या बाजूच्या जिल्ह्यांतले असतात, इथे त्यांना ओळखणारं कोणी नसतं.

फोनबद्दल. १०८ चा फोन जवळच्या दवाखान्यात वाजत नाही, तो पुण्याच्या नियंत्रण कक्षात उचलला जातो. 'मारुतीच्या देवळापाशी या' याला तिथे अर्थ नाही. या क्रमाने सांगा: जिल्हा, तालुका, गाव, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या फाट्याच्या कोणत्या बाजूला, किलोमीटरच्या दगडावर काय लिहिलंय. मग काय झालं, किती जखमी, किती बेशुद्ध, कोणी अडकलंय का, आग किंवा तार आहे का, कोणत्या बाजूने गाडी येऊ शकते. 'बरेच जण' म्हटलं तर एक गाडी येईल, 'पंधरा, त्यात चार बेशुद्ध' म्हटलं तर जास्त गाड्या निघतील. समोरचा 'ठेवा' म्हणेपर्यंत फोन ठेवू नका आणि नंतर तो फोन मोकळा ठेवा, चालक त्यावरच रस्ता विचारतो. दहा जणांनी दहा फोन केले की दहा अपघात नोंदले जातात, म्हणून फोनवाला एकच. पोलिसांसाठी ११२. एकाला फाट्यावर बॅटरी घेऊन उभं करा.

पोलिसांच्या लफड्याची भीती पोरांच्या मनातून काढा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलंय. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. अपघातग्रस्ताला ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार देणारी केंद्राची योजनाही २०२५ पासून आहे. 'पैसे कोण भरणार' म्हणून कोणी जखमीला अडवून धरत असेल तर हे सांगा.

औषधवाला_विटा

१२ जणांसाठी दोन पिशव्या करा, एक मोठी आणि एक त्रिकोणवाल्याची. मोठीत: हातमोजे २० जोड्या (घामट हातावर चढवताना फाटतात, म्हणून मोठ्या मापाचे घ्या), निर्जंतुक गॉज १० बाय १० सेंटिमीटरची ३० पाकिटं, क्रेप बँडेज १० सेंटिमीटरचे ६ आणि १५ सेंटिमीटरचे ४, त्रिकोणी पट्ट्या ८, रुंद चिकटपट्टी २, बोथट टोकाची कपडे कापायची कात्री, तोंडाने श्वास द्यायचा मास्क, काळा मार्कर, पुठ्ठ्याच्या घड्या, दोन चादरी, सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या २ बाटल्या, त्या फक्त जखम धुवायला. दुसरीत दोन त्रिकोण, दोन बॅटऱ्या, चमकणारी जाकिटं, शिट्टी. वेदनाशामक गोळ्या, टिंक्चर, मलमं ठेवू नका. तिथे त्यांचा उपयोग नाही आणि हात मात्र आधी तिकडेच जातो. पिशवी गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने चिकटपट्टीचा डिंक सुटतो आणि मोजे एकमेकांना चिकटतात. बॅटरीतले सेल काढून बाजूला. जिथे रात्री दार उघडणारं कोणी असतं तिथेच पिशवी असू द्या, डेअरीच्या खोलीत बहुतेक असतं.

तोडीवर कोयत्याने बोट तुटणंही तुमच्याकडे येणारच. तुटलेला तुकडा पाण्याने हलका धुवा, ओल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. थेट बर्फात ठेवला तर पेशी गोठून मरतात आणि जोडता येत नाही. तुकडा जखमीबरोबरच गेला पाहिजे.

आणि सापाचं. मजूर कोपीत (झोपडीत) जमिनीवर झोपतात, पाचटात उंदीर, उंदरामागे साप. चावल्यावर आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही. बांगड्या, अंगठ्या, जोडवी, काळा दोरा आधी काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. हातपाय फळीला बांधून हलू देऊ नका, चालवू नका, मोटारसायकलवर बसवायचं असेल तर दोघांच्या मध्ये. साप मारून आणायची गरज नाही, प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच चालतं. निघण्याआधी फोन करून ग्रामीण रुग्णालयात साठा आहे ना ते विचारा. मण्यारीचा दंश कित्येकदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे एखादा मजूर पोटात दुखतंय, गिळता येत नाही म्हणत उठला आणि पापण्या खाली येत असतील, तर ॲसिडिटीची गोळी देऊ नका. दंश झालाय असं समजून त्याच क्षणी निघा, आणि वाटेत श्वास उथळ होऊ लागला तर तोंडाने श्वास देत राहा, दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत.